धसातलं वगराळं

बायनाबाईला कोणी गाइड म्हटलं की ती चिडते. "गाइड तिकडं वेरूळला असतेत. मी नुसती सांगती," असं म्हणते आणि लगेच सांगायला बसते. एकदा सुरू झाली की समोरच्याच्या हातातला मोबाइल कधी खिशात गेला ते त्याचं त्याला कळत नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले, पण माळावर वारा सुटलेला असतानाही शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज.

राणीसावरगावहून डोंगराच्या अंगाला आत वळलं की सहा-सात किलोमीटरवर तिचं गाव लागतं, उंबरदरा. गाव बेताचंच. निम्मं गाव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातं आणि उरलेलं निम्मं, ते गेले म्हणून करमत नाही असं म्हणत पारावर बसतं. या गावाला बाहेरच्या माणसानं यावं असं एकच कारण आहे. गावाच्या वरच्या बाजूला सपाट माळावर चालता चालता एकाएकी जमीन संपते आणि खाली भला मोठा गोल खड्डा दिसतो. चहूकडून काळा कातळ, त्यात पारव्यांची घरं, वर आग्या मोहळं, आणि पार तळाशी हिरवं पाणी. एका अंगानं कातळ उतरता आहे, तिथून बसत-उठत पाण्यापर्यंत जाता येतं. पंचायतीच्या बोर्डावर त्याचं नाव 'पाताळकुंड' असं लिहिलंय. गावात त्या नावानं पत्ता विचाराल तर फिरत बसाल. गावाच्या तोंडी तो नुसता 'धस'.

चार-पाच वर्षांमागं नांदेडच्या कुण्या पोरांनी धसावर ड्रोन उडवलं आणि ते चित्रण मोबाइलवर सगळीकडं फिरलं. तेव्हापासून दर रविवारी गाड्या यायला लागल्या. परभणीच्या कॉलेजातले भूगोलाचे व्यंकटराव सर पोरांची बस घेऊन आले. त्यांनी सांगितलं, की या काळ्या दगडाच्या पोटात फार जुनी पोकळी होती, तिचं छत कधीतरी खाली बसलं आणि हा खड्डा झाला. बायनाबाईनं ते नीट ऐकून घेतलं आणि आपल्या सांगण्यात घालून टाकलं. "सर म्हनतेत तेबी खरंच आसंल," ती म्हणते, "पन छत बसल्यावर पुढं काय झालं ते सरास्नी ठाव न्हाई. ते मी सांगती."

आणि मग ती सांगते. जुन्या काळी गावात कोणाकडंही चार भांडी धड नसायची. घरात लग्न निघालं की घरची बाई हळदकुंकू आणि अक्षदा घेऊन दिवस मावळायच्या आत धसाच्या काठावर जायची आणि वरून हाक द्यायची, की बाबा, आमच्या घरी कार्य हाय, एवढं एवढं वऱ्हाड हाय. सकाळी जाऊन बघावं तर काठावर भांडी मांडून ठेवलेली. तांब्याचे हंडे, पराती, पातेली, ताटं, वाट्या, लागतील तेवढी. कार्य उरकलं की घासूनपुसून परत पाण्यात सोडायची. असं कित्येक वर्षं चाललं. मग एका लग्नात एका बाईच्या मनात पाप आलं. वरण वाढायचं पितळेचं वगराळं तिला फार आवडलं. लांब दांड्याचं, खोलगट, हाताला बसणारं. तिनं ते ठेवून घेतलं, बाकी सगळं परत केलं. त्या दिवसापासून धसानं जे तोंड मिटलं ते आजपर्यंत. आता गाव नुसती लग्नाची पहिली अक्षद तिथं टाकतं, पण भांडी काही येत नाहीत.

इथं ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हटकून विचारतं, "मावशी, ती बाई कोण?"

"आसंल कोनी," बायनाबाई म्हणते आणि शेंगांची पुडी पुढं करते.

पण ती बाई कोण हे बायनाबाईला पक्कं माहीत होतं. ती तिच्याच सासरची होती.

बायनाबाईचं माहेर पिंगळीचं, स्टेशनाला लागून. रेल्वेची शिट्टी ऐकत वाढलेली पोरगी सतराव्या वर्षी या डोंगरात माणिकरावांच्या घरी आली. लग्नानंतर पाचव्या दिवशी सासूनं, गोदाबाईनं, तिला चुलीपुढं बसवलं आणि दार लोटून घेतलं. आता आपल्याला हुंड्यावरून बोल लागणार असं पोरीला वाटलं. गोदाबाईनं धसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "ती वगराळंवाली बाई आपल्या घरची. मूळचं वगराळं कवाच मोडीत गेलं. मनून आता घरात लगीन आलं की नवं पितळंचं वगराळं घ्यायचं, त्याच्यावर नाव टाकायचं आन पंगत बसली की गुपचूप धसात सोडून यायचं. तुज्या लग्नात मी सोडलंय. गड्याला सांगायचं न्हाई. कोनालाच सांगायचं न्हाई."

"नाव कामून टाकायचं, आत्या?"

"नाव न्हाई टाकलं तर धसाला कसं कळल कोनी दिलंय?"

खरं सांगायचं तर सासूचं म्हणणं बरोबरच होतं. आपल्याकडं चमच्यावरसुद्धा 'मामाकडून सप्रेम' असं कोरलेलं असतं. बिननावाचं भांडं हे भांडंच नाही.

गोदाबाईनं ही लाज जन्मभर अंगावर वागवली. कोणाच्याही लग्नात ती शेवटच्या पंगतीला बसायची. हळद लावायला पुढं व्हायची नाही. ओटी भरायला बोलावलं तर "माझे हात खराब हायेत" म्हणायची, आणि हात तर नुसते कष्टाचे होते. ती गेल्यावर तिची जागा बायनाबाईनं घेतली. माणिकरावांबरोबर तिनं बारा हंगाम ऊस तोडला, पाचटाच्या कोप्यांमध्ये दोन लेकरं वाढवली, फडात भल्याभल्या मुकादमांना सुनावलं. पण गावातल्या कार्यात ती मागं मागंच राहिली. माणिकराव म्हणायचे, "तू लय लाजाळू हायेस." तीही म्हणायची, "हाय बगा."

तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते शेजारणीचं वागणं. भिंतीला भिंत लागून धुरपदाबाईचं घर. चाळीस एकराची बाई, दारात ट्रॅक्टर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. पण धुरपदाबाईनं कधी बायनाबाईच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. नळावर गाठ पडली तर घागर भरायच्या आधीच निघून जायची. संक्रांतीचं वाण पोरांच्या हातानं पाठवायची. तिला आपल्या घरचं कळलंय, असं बायनाबाईनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं आणि तिनंही त्या घराकडं पाठ केली. एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडचा खोकला तिला पाठ झाला, माणूस काही झाला नाही.

मुलाच्या, परमेश्वरच्या, लग्नात तिनं गंगाखेडहून वगराळं आणलं, त्यावर 'सौ. बायनाबाई माणिकराव' असं कोरून घेतलं आणि भरल्या पंगतीतून पदराआड नेऊन धसात सोडलं. पण सुनेला, राजेश्रीला, मात्र तिनं पाचव्या दिवशी चुलीपुढं बसवलं नाही. राजेश्री बारावी शिकलेली, हसरी. तिच्या मानेवर हे कशाला ठेवायचं, हे आपल्याबरोबरच जाऊ दे, असं तिनं मनाशी ठरवलं. पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि ऊसतोड सुटली. पर्यटक यायला लागले तसं सासू-सुनांनी धसाच्या काठावर उकडलेल्या शेंगा, भाकरी-पिठलं आणि ठेच्याचं छोटं दुकान टाकलं. सुनेनं चूल सांभाळायची, सासूनं गोष्ट. दिवस चांगले आले होते.

आणि मग परवाच्या उन्हाळ्यात सरपंचानं धसाचा गाळ काढायचा ठराव मांडला.

सरपंच म्हणजे विजयमाला, धुरपदाबाईचीच सून. हुशार बाई, बी.ए. झालेली. पर्यटकांनी धसात बाटल्या, पिशव्या, नको ते टाकून पाण्याला वास सुटला होता, तेव्हा तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाणी उपसायचं, यारी लावून गाळ वर घ्यायचा आणि तळाशी काही जुनंपुरानं सापडलं तर पंचायतीत मांडून ठेवायचं, पर्यटकांना दाखवायला. ग्रामसभेत हे ऐकताच बायनाबाईच्या डोळ्यांपुढं चित्रच उभं राहिलं. पंचायतीतल्या टेबलावर, सगळ्या जगापुढं, तिच्या नावाचं वगराळं. खाली चिठ्ठी, की हेच ते घर.

ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलली. "धसाला हात लावू नगा. कोप हुईल."

तिला वाटलं होतं लोक हसतील. पण तिच्या मागोमाग अंजनाबाई उठली, "बायना खरं बोलायलीय." मग सोपानची आई उठली. मग एकेक करत गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या उठल्या. कोणी म्हणालं पाऊस पडणार नाही, कोणी म्हणालं जनावरांवर रोग येईल. सगळ्यात चढा आवाज खुद्द धुरपदाबाईचा. सुनेच्या तोंडावर ती म्हणाली, "आपल्या घरच्या सरपंचानं असं काम केलेलं मला चालायचं न्हाई." विजयमाला चक्रावून गेली. एरवी एकीचं दुसरीशी पटत नाही अशा या बाया आज एका सुरात कशा, हे तिला कळेना. गडी माणसांनी मात्र हात वर केले आणि ठराव मंजूर झाला.

त्या दिवसापासून बायनाबाईचं जेवणावरचं मन उडालं. धसावर मोटारी लागल्या, पाणी शेताशेतांत गेलं, पालमकडची विहिरी खोदणारी यारी घेऊन बालाजी नावाचा मिस्त्री आला. लोखंडी टोपलं खाली जायचं आणि काळा गाळ घेऊन वर यायचं. पहिले चार दिवस नुसत्या बाटल्या, चपला, एक मोबाइल, कुण्या पोराचं हेल्मेट. दर टोपल्याला बायनाबाई मान वळवायची. राजेश्री म्हणाली, "आत्या, तुमची तब्येत बरी न्हाई का?" सासू म्हणाली, "ऊन लागलंय."

पाचवा दिवस रविवार होता. बालाजीनं सकाळीच सांगितलं, की आज तळ लागणार. विजयमालानं मंडप टाकला, माइक लावला. गाव तर आलंच, पण बाहेरच्या गाड्याही पंधरा-वीस लागल्या. टोपलं खाली होतं. तेवढ्यात विजयमालानं बायनाबाईच्या हातात माइक दिला. "काकू, टोपलं वर येईस्तोवर पाहुण्यांना गोष्ट सांगा."

बायनाबाईनं गोष्ट सुरू केली. छत बसलं, अक्षदा टाकल्या, भांडी आली, सगळं नेहमीसारखं. तोंड आपलं सवयीनं सांगत होतं आणि मन टोपल्यात होतं. तिच्या मनात आलं, घटकाभरात नाव वर येणार ते येणारच. ते आधी पितळेनं सांगितलं आणि मग आपण मान्य केलं, तर आपण चोराच्या घरच्याही आणि वर खोटारड्याही. एवढी वर्षं हजारो लोकांना 'आसंल कोनी' सांगितलं, त्याचं काय? वगराळ्यापाशी आल्यावर ती थांबली. पुढच्या रांगेत बसलेल्या एका बाईनं नेमकं विचारलं, "मावशी, ती बाई कोण होती?"

"आमच्या घरची व्हती," बायनाबाई म्हणाली. "माज्या सासरची. माज्या सासूनं मला सांगितलं. आमी वगराळी टाकीत आलाव धसात, पन ते काय फिटलं न्हाई. आता तुमी काय मनायचं ते मना."

माइकमुळं ते पार माळाच्या टोकापर्यंत गेलं. माणिकराव बिडी पेटवत होते, त्यांची काडी तशीच जळत राहिली. बायनाबाईला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्याची तिला गंमत वाटली.

तेवढ्यात मागच्या बाजूनं कोणीतरी उठलं. धुरपदाबाई. आता ही चार लोकांत आपल्याला काय बोलणार म्हणून बायनाबाईनं मान खाली घातली. धुरपदाबाई माणसं बाजूला सारत पुढं आली आणि म्हणाली, "बायना, खोटं कामून बोलायलीस? ती बाई आमच्या घरची हाय."

"तुमच्या घरची कशी?"

"मला माज्या सासूनं सांगितलं. मीबी टाकलंय वगराळं. माज्या सुनेच्या, ह्या विजूच्या लग्नात टाकलंय, नावासगट."

विजयमालाचं तोंड उघडं ते उघडंच. तिकडून अंजनाबाई उठली. ती तर रागातच होती. "तुमी दोघी बी गप बसा. ती आमची व्हती. आमच्या सासूबाईनं देवाची शपथ घालून सांगितलं व्हतं." मग सोपानची आई. मग आणखी एक. ज्या चोरीचं नावही काढायचं नाही असं प्रत्येकीला चुलीपुढं बजावलं होतं, त्या चोरीवर भर मंडपात हक्क सांगायला बाया पुढं येत होत्या आणि कोणी मागं हटायला तयार नव्हती. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि टोपलं वर आलं. बालाजीनं ते कलंडवलं तसा गाळात खणखणाट झाला. पाण्याच्या नळीनं धुऊन काढलं तर वगराळी. नुसती वगराळी. लांब दांड्याची, आखूड दांड्याची, काळी पडलेली, चेपलेली. दुसऱ्या टोपल्यात आणखी. तिसऱ्यात आणखी. विजयमाला एकेक उचलून दांड्यावरचं नाव माइकवर वाचायला लागली. 'सौ. अंजनाबाई भुजंगराव.' 'सौ. धुरपदाबाई.' 'चि. महारुद्र यांच्या विवाहानिमित्त.' गावातलं एक घर सुटलं नव्हतं. काहींवरची अक्षरं तर झिजून गेली होती, त्यांच्या घरची माणसंही आता गावात उरली नव्हती. आपल्या गावात दर लग्नात नवऱ्यामुलाची आई ऐन पंगतीला कुठं गायब होते, हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. पडणार कसा? प्रत्येक बाई दुसरीकडं बघायच्या ऐवजी आपलं वगराळं पदराआड लपवण्यात गुंतलेली.

आधी म्हाताऱ्यांना हसू फुटलं, मग सगळ्या मंडपाला. माणिकराव बायकोजवळ येऊन एवढंच म्हणाले, "तूबी माज्या मायवानीच निघालीस की. येवढे दिस मला येक शबूद न्हाई." विजयमालानं पुढचं नाव वाचलं, 'सौ. गोदाबाई', आणि वगराळं बायनाबाईच्या हातात ठेवलं. तिच्याच लग्नात सोडलेलं. ते हातात घेतल्यावर मात्र तिला रडू आवरलं नाही. सासूला हे बघायला मिळायला हवं होतं. बिचारी कष्टाचे हात खराब आहेत म्हणत गेली.

आपलं वगराळं कोणीच घरी नेलं नाही. दिलेलं परत कसं घ्यायचं, असं सगळ्यांचं मत पडलं. राजेश्रीनं चिंच लावून ती सगळी घासली आणि आता ती पंचायतीच्या कपाटात असतात. गावात लग्न निघालं की घरची बाई सांगायला येते आणि घेऊन जाते, कार्य झालं की धुऊन आणून देते. मोडीत गेलेलं पहिलं वगराळं खरंच कोणी ठेवून घेतलं होतं का, घेतलं असेल तर कोणी, हे कोणालाच माहीत नाही. पर्यटक विचारतात तेव्हा बायनाबाई म्हणते, "सगळ्या बाया मनतेत आमीच. तुमी ठरवा." आणि गावातल्या कार्यात ती आता पहिल्या पंगतीत बसते, गुडघे दुखत असले तरी.

त्या रविवारी संध्याकाळी गाड्या गेल्या, मंडप सुटला आणि बायनाबाई घरी येऊन जरा पाय लांब करून बसली होती. दारात सावली पडली. धुरपदाबाई उंबऱ्याबाहेर उभी होती, चप्पल काढावी की नको अशी.

"ये की आत," बायनाबाई म्हणाली.

धुरपदाबाई आत आली, भिंतीला टेकून बसली. आपल्या घराची ती भिंत तिनं या बाजूनं कधी बघितली नव्हती. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुला आमच्या घरचं कळलंय. मनून तू यायची न्हाईस."

"मलाबी तसंच वाटायचं."

मग बायनाबाई उठली, चुलीवर आधण ठेवलं, पत्ती टाकली आणि साखरेच्या डब्यात हात घालून थांबली. शेहेचाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बाईला चहात साखर किती लागते, हे तिला माहीत नव्हतं. तिनं मागं वळून विचारलं.